कढई आणायला गेलेले आजोबा

"सापडला गं, लबाड सापडला!" असं ओरडून टेबलावर थाप मारायची, ही बाईंची सवय. थाप अशी की माझा चहाचा कप बशीत नाचायचा. पाचच मिनिटांत कळायचं की हा दुसराच कुणीतरी, नाव तेवढं सारखं. मग बाई चष्मा पुसायच्या, "हा नाही. पण काय छान माणूस भेटला!" म्हणायच्या आणि पुढचं पान उलटायच्या.

मी कल्याणच्या एका सरकारी कचेरीत जुन्या नोंदवह्या सांभाळते. कुणाला जमिनीचा उतारा हवा असतो, कुणाला जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची नोंद. डोंबिवलीच्या या निवृत्त गणिताच्या बाई पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी ठरलेला प्रश्न विचारला, "उतारा की दाखला?"

"आजोबा," बाई म्हणाल्या.

त्यांचे आजोबा एका सकाळी ठाण्याहून कल्याणच्या बाजारात कढई आणायला गेले, ते परतलेच नाहीत. घरी बायको गोदावरी आणि चार वर्षांचा मुलगा. तो मुलगा म्हणजे बाईंचे वडील. शेजाऱ्यांनी निकाल देऊन टाकला की हिच्या तोंडाला कंटाळून गेला. आजी ते ऐकत, कुंकू लावत म्हातारी झाली. बाईंनी लग्न केलं नव्हतं, भावंडं नव्हती. निवृत्त झाल्या आणि आजोबांच्या मागे लागल्या. जवळ पुरावा एकच, जुन्या पत्रावरची मोडीतली सही, शेवटी पतंगाच्या शेपटीसारखी गिरकी असलेली.

दोन वर्षं बाई दर मंगळवारी यायच्या. मोडी शिकल्या. आमच्यासाठी लाडू आणायच्या. वहीतल्या मेलेल्या माणसांच्या गोष्टी अशा रंगवायच्या की आमचे शिपाईकाका डबा घेऊन त्यांच्याच टेबलाशी बसायला लागले.

एका मंगळवारी थाप पडलीच नाही, म्हणून मी उठून पाहिलं. खडवलीच्या एका जमिनीच्या कागदावर साक्षीदाराची सही होती. शेवटी तीच गिरकी. बाई नुसत्या बोट ठेवून बसल्या होत्या. मी धावत खडवलीची जन्माची वही आणली. दोन तासांनी त्यात नोंद मिळाली. बापाचं नाव तेच. मुलीचं नाव गोदावरी.

"अगं, पळून गेला आणि बायकोचं नाव खिशात घालून गेला!" बाई हसल्या, हसता हसता रडल्या, मग परत हसल्या. "माझ्या आजीला कंटाळला नव्हता गं तो."

"मग गेले कशाला?"

"तेच विचारायला जायचंय. शनिवारी चल!"

खडवलीला आडनाव सांगताच रिक्षावाल्याने थेट दारात सोडलं. बनियन घातलेले साठीचे गृहस्थ बाहेर आले. चेहऱ्यावर हुबेहूब बाईंचं नाक! बाईंनी नमस्कारसुद्धा केला नाही.

"तुमचे आजोबा कढई आणायला गेलेले. कुठाय कढई?"

ते आत वळून ओरडले, "अगो, सगल्या कढया काढ भायेर!"

त्यांच्या बायकोने तीन कढया आणून ओटीवर मांडल्या. मग कुठे मी नीट सगळं सांगितलं. ऐकून ते कढया बाजूला सारून ओटीवर बसले.

"आजा ठान्याचा, येवराच म्हाईत. घराचा विचारला का गप बसायचा. का आला, कोनालाच म्हाईत नाय."

बाईंनी एक कढई उचलून उलटी करून पाहिली. "असू दे. वर गेल्यावर मीच विचारीन त्याला."

"म्हंजे तू माजी भन झालीस," ते म्हणाले.

"थोरली बहीण," बाईंनी ताबडतोब दुरुस्ती केली.

त्या उन्हाळ्यात या भावाच्या नातीची हळद होती. जन्मभर वर्गाला "शांत बसा" म्हणणाऱ्या बाई बँजोपुढे तासभर नाचल्या. दुसऱ्या दिवशी फोन आला, "माझा गुडघा गेला. पण काय थाटात गेला गं!"

गेल्या थंडीत एका दुपारी बाई जेवून आडव्या झाल्या आणि झोपेतच गेल्या. खडवलीहून दोन टेम्पो भरून माणसं आली. स्मशानातल्या कारकुनाने विचारलं, "जवळचं कोण? एकच नाव सांगा."

"मी भाऊ." "मी भाची, आत्याला शेवटचा घास मी भरवला." "आनि आमी सुना कोन नाय काय?" असं भांडण जुंपलं. कारकुनाने हात टेकले आणि वही त्यांच्याकडे फिरवली, "घ्या, तुम्हीच लिहा."

इतकी वर्षं नोंदवह्या पाहतेय. एका रकान्यात सात नावं, समासातसुद्धा चढलेली, मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिली.