शून्य नाही ना?

उदयसिंहराव जगतापांचा संगणक फार चौकशा करायचा. निजामपुऱ्यातल्या त्यांच्या घरी एखादा विद्यार्थी आला, त्याने हौसेने बीजगणिताची एक ओळ टाईप केली, की पडद्यावर प्रश्न उमटलाच: ज्याने भागताय ते शून्य नाही ना? पोरं दोन ओळींत कंटाळायची. अहो, कंटाळणारच. नव्वदीचं दशक सरत आलं होतं, बाजारात झटपट उत्तर देणारे प्रोग्रॅम आले होते आणि जो तो घाईत होता.

कॉलेजात गणित शिकवता शिकवता उदयसिंहरावांनी ही भाषा घडवली होती. संगणकाकडून बीजगणित करून घ्यायची भाषा, पण पुराव्याशिवाय एक पायरी पुढे सरकेल तर शपथ! आजोबा संस्थानच्या फौजेत पहाऱ्यावर होते. ओळखीच्या माणसालाही हटकल्याशिवाय आत सोडत नसत म्हणे. म्हणून नातवाने भाषेला नाव दिलं ‘पहारा’. तारुण्य तिच्यात गेलं, डोळे अधू झाले, आणि वापरणारा माणूस एकच, ते स्वतः. निवृत्ती जवळ आली तसा त्यांना घोर लागला, की आपल्यामागे ही भाषा कुणी उघडूनसुद्धा बघणार नाही.

अशात त्यांचा जुना विद्यार्थी अविनाश आला. करजणला त्याचे संगणकाचे क्लास जोरात चालले होते. शाळांना विकायला त्याला ही भाषा हवी होती, फक्त ती विचारपूस काढून टाका म्हणाला. उदयसिंहरावांनी आधी त्याला उडवून लावलं. तो परत आला तेव्हा मात्र ते नुसतेच दमलेले होते. त्यांनी भाषेत एक नियम घातला: उत्तर आलं नाही तर होकार समजावा. आपल्यात लग्नं ठरतात यावर, बीजगणिताचं काय घेऊन बसलात!

शाळावाल्यांना दाखवायच्या आदल्या दुपारी त्यांनी वर्गातलं जुनं कोडं घातलं. अ आणि ब समान धरायचे आणि पुढे दोन्ही बाजूंना त्यांच्या वजाबाकीने भागायचं. ती वजाबाकी म्हणजेच शून्य. पूर्वी भाषा इथे अडायची. आता गपगुमान पुढे गेली आणि म्हणाली, एक बरोबर दोन, सिद्ध. एवढ्यावर थांबती तरी बरं. पण एकदा सिद्ध झालेलं ती जपून ठेवायची आणि त्याच्यावरच पुढचे इमले चढवायची. तीन बरोबर सात विचारलं, सिद्ध. शून्य बरोबर शंभर, तेही सिद्ध. जन्मभर ज्या भाषेने त्यांच्याशी हुज्जत घातली, ती आता नंदीबैलासारखी मान डोलवत होती. उदयसिंहरावांना रडू यायचं तेवढं बाकी राहिलं.

दुसऱ्या दिवशी करजणला अविनाशने साधी साधी उदाहरणं घातली, उत्तरं पटापट आली. “एकदम सरस छे,” शाळेचे गुजराती ट्रस्टी खूश होऊन म्हणाले.

अविनाशने वळून विचारलं, “सर, मग पक्कं ना?”

त्यांना सांगायचं होतं. पण सांगितलं की समजवावं लागणार, समजावलं की पोरं कुठे शून्याने भागायला बसलीत म्हणून अविनाश हसणार, आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. तेवढा जीवच उरला नव्हता अंगात. ते गप्प राहिले. अविनाशने पेढे वाटले.

त्यांच्या बायकोला, संयोगिताबाईंना, एकच गोष्ट दोनदा विचारायची खोड. गॅस बंद केला ना, कुलूप नीट लावलं ना. यावरून ते आयुष्यभर करवादले होते. ते घरी आल्या आल्या बाईंनी मनासारखं झालं का म्हणून विचारलं. ते चपला काढत राहिले. बाईंनी चहा पुढे ठेवला आणि अपेक्षेप्रमाणे परत विचारलं.

“अहो, झालं ना मनासारखं?”

“नाही,” उदयसिंहराव म्हणाले.

मग उठून त्यांनी अविनाशला फोन लावला आणि सगळं सांगितलं. त्याने ऐकून घेतलं. शाळा आता दुसरा प्रोग्रॅम घेतील, म्हणाला. घेऊ दे, असं म्हणून त्यांनी फोन ठेवला, संगणक सुरू केला आणि तो नियम पुसून टाकला. एक ओळ टाईप केली. पडद्यावर प्रश्न आला. उत्तर द्यायला आता सवडच सवड होती, त्यांच्यामागे दुसरं कुणी खोळंबलेलं नव्हतं.