काळ्या रेघांची पट्टी

मोठ्या डॉक्टरांनी खिशातलं पेन काढलं आणि पेनाच्या टोकानं माझा हात उचलला. बोट लागू नये म्हणून. सगळ्या स्टाफसमोर.

"हे हात समितीला दाखवायचे? तुम्हा लोकांना कितीही शिकवा, अवकळा तीच."

चौदा वर्षं मी चामोर्शीकडच्या त्या दवाखान्यात बाळंतपणाच्या खोलीत आया होते. रक्त, वार, घाण, सगळं याच हातांनी उचललं. हातमोजे मागितले की "संपले." फिनाइलनं कातडी सोलली, तीच आता त्यांना खुपत होती. दवाखान्याला मानांकन हवं होतं, तपासणीला समिती येणार होती. त्या दिवशी माझ्या जागी दुसरी, नितळ हातांची मुलगी उभी राहणार आणि मी धुण्याच्या खोलीत बसणार, असं ठरलं.

आदल्या दिवशीचं एक काम मात्र माझ्याच हातांनी हवं होतं.

हत्यारांचा डबा जंतू मारणाऱ्या वाफेच्या मशीनमधून निघाला की त्यावर चिकटवलेल्या पट्टीवर काळ्या रेघा उमटतात. मग तो बाळंतिणीसाठी वापरायचा. मशीन आठ दिवस बंद होतं. सिस्टरनं रेघा उमटलेल्या जुन्या पट्ट्या जपून ठेवल्या होत्या.

"ह्या चिकटवून दे."

"मशीन तं बंद आहे ना, सिस्टर?"

"मले काऊन विचारतेस? वरून सांगतलं."

मी चिकटवल्या. पोटासाठी चिकटवल्या, खोटं कशाला बोलू. त्याच आठवड्यात दोन बाळंतिणी तापानं फणफणल्या होत्या. एकीला चंद्रपूरला हलवलं. तिचं पुढं काय झालं, कोणी सांगितलं नाही.

समिती आली त्या दिवशी धुण्याच्या खोलीच्या दारातून मला माझी भाची दिसली. स्ट्रेचरवर. कळा सुरू झालेल्या.

"मावशी, तू आतमंदी राह्यशील ना?"

आतला डबा मीच तयार केला होता.

मी आत गेले, डबा उचलला आणि समितीच्या बाईंपुढे ठेवला. पट्टी ओढून काढली.

"ही जुनी पट्टी मीच लावली. डबा मशीनमंदी गेलाच नाई."

मोठे डॉक्टर हसले. "बाईचं डोकं फिरलंय."

समितीच्या बाईंनी मशीन सुरू करायला सांगितलं. ते सुरू झालं नाही.

भाचीला गडचिरोलीला नेलं. ती आणि तिची लेक, दोघी जगल्या. माझी नोकरी त्याच दिवशी गेली.

आता पुन्हा समिती येणार म्हणतात. भिंतींना रंग चाललाय. मशीनचं कोणी बोलत नाही. आमच्या मोहल्ल्यात तीन पोटुशा बाया आहेत, त्यांच्या घरी जाऊन मी सांगून आले, डबा उघडायच्या आधी मशीन चालू आहे का विचारा.

समितीच्या दिवशी मी फाटकाशी असेन. हेच हात घेऊन.