मेंढीच्या चीजचं बारसं

आमच्या नणंदबाई न्यूझीलंडला शिकायला आल्या आणि डोंगरउतारावर मेंढ्या पाळणाऱ्याशी लग्न करून बसल्या. दोघं मिळून मेंढीच्या दुधाचं फेटा चीज करतात. त्या नावावरचे सगळे विनोद आमच्या घरात पहिल्याच वर्षी करून झालेत.

मग न्यूझीलंडचा युरोपशी व्यापार करार झाला आणि कळलं, की काही वर्षांनी हे नाव फक्त ग्रीसमधल्या चीजलाच लावता येईल.

"तिथल्या डोंगरावरच्या शेतकऱ्याला तारलं वहिनी, आणि इथल्याला मारलं," नणंद म्हणाली.

भीती खरी होती. गिऱ्हाईक नाव बघून डबा उचलतं. ते तुटलं तर मेंढ्या विकायच्या, आणि त्या चढावर गाई काही टिकायच्या नाहीत.

मुदत संपायची वाट कशाला बघायची? रोटोटुनाच्या आमच्या घरून निघताना मी नावांची यादीच करून नेली. नणंद माहेरची वाईची, तिला 'महाबळेश्वर' हवं होतं.

"अगं, तिथल्या स्ट्रॉबेरीलाही भौगोलिक मानांकन आहे. ग्रीक परवडले, महाबळेश्वरकर सोडतील का तुला?"

"मग तुझ्या यादीत काय आहे?"

माझ्या यादीत सह्याद्री होता. मी यादी पर्समध्ये ठेवली आणि बारसं ठरवलं.

नाव ठेवायचा मान आत्याचा. चीजचा बाप नणंदेचा नवरा. म्हणजे आत्या त्याची बहीण, टौरंगाच्या बंदरात क्रेन चालवणारी. टोपलीत चीज ठेवलं, वर ओढणी घातली. घुगऱ्या मी शिजवून नेल्या होत्या.

"कानात कुर्र करून नाव सांगायचं," मी तिला समजावलं.

"चीजला कान कुठे असतो?"

"तू म्हणशील तिथे."

ती वाकली, आणि रीतीप्रमाणे आम्ही सगळ्यांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. ती कळवळली, पण नाव सांगितलं: 'विंडी गेट'. वरच्या ज्या फाटकातून मेंढ्या दूध काढायला खाली येतात, त्याला तिचे वडील तसंच म्हणत.

नणंदेचं तोंड उतरलं. "फाटक? हे काय नाव झालं?"

"हे परत मागायला कोणी येणार नाही," तिचा नवरा म्हणाला आणि घुगऱ्या खात राहिला.

पुढच्या शनिवारी हॅमिल्टनच्या बाजारात मी तिच्या शेजारी उभी राहिले. नेहमीचे एक आजोबा आले. लेबल वाचून त्यांनी डबा खाली ठेवला.

"फेटा बंद केलंत?"

मी चवीचा तुकडा पुढे केला. आजोबांनी तो सावकाश चघळला.

"हे तर फेटाच आहे!"

नणंद 'हो' म्हणणार, तेवढ्यात मी तिच्या पायावर पाय दिला.

"हे विंडी गेट," ती घाईने म्हणाली. "आमच्या डोंगरावरचं फाटक. वारा फार असतो तिथे."

आजोबांनी दोन डबे घेतले. म्हणाले, नात सुट्टीला येणार आहे, मेंढ्या दाखवायला आणू का?

"आणा की," नणंद म्हणाली. "जॅकेट मात्र घालून या."