गुडघ्याखालची गाठ

कपाशीची दुसरी वेचणी होती. राळेगावच्या बाजूला आमचं शेत. ओटीत कापूस भरत वाकले तर पोटरीला काहीतरी चावलं. पिवळट, लांबलचक जनावर सळसळत कपाशीच्या दोन ओळींमधल्या तासातून निघून गेलं. धामण होती ती, मी नीट पाहिली. ओरडून सांगत होते, "धामण हाय, काही होत नाही." पण ऐकतो कोण? आमच्या मालकांनी, म्हणजे नवऱ्यानं, बैलाचं दावं सोडलं आणि माझ्या गुडघ्याखाली असं करकचून बांधलं की डोळ्यांपुढे काजवे चमकले. आमच्याकडे साप चावला की हेच करतात. जीव वाचावा म्हणून करतात.

"थोडं सैल करा जी."

"इख चढन वर! उगी राय!"

एसटी येईपर्यंत आणि पुढे यवतमाळच्या दवाखान्यापर्यंत ती गाठ तशीच होती. डॉक्टरांनी दावं कापलं तेव्हा बोटांतल्या मुंग्याही थांबल्या होत्या. विषाचा पत्ता नव्हता, पण पाऊल वर उचलेना. गुडघ्याखाली बाहेरच्या हाडावरून एक नस जाते, ती चेपली, असं डॉक्टर म्हणाले. "हळूहळू येईल. कदाचित पूर्ण येणार नाही."

कदाचित! त्या शब्दाचा मला भारी राग आला.

मग घरात तो आवाज शिरला. पाऊल लोंबायचं आणि जमिनीवर आपटायचं. फट. फट. चप्पल गळून पडली तरी कळायचं नाही, मागून बाया हाका मारायच्या. पट्टा बांधला, व्यायाम केले. रोज संध्याकाळी ओसरीवर पाय पसरून पावलाला दटावायची, ऊठ मेल्या, ऊठ! मालक भिंतीकडे तोंड करून बसायचे. मी त्यांना कधी बोल लावला नाही. खोटं कशाला सांगू, मनात लई शिव्या दिल्या.

पेरणीच्या सुमारास अंगठा हलला. तूर घरात आली तोवर आवाज बंद झाला. एक दिवस गावातून चक्कर मारून आले, कुणी वळून पाहिलं नाही. अशी हरखले म्हणता!

त्याच संध्याकाळी ओसरीवर तूर पाखडत बसले होते. मालक मागच्या अंगणात बैलांना कडबा टाकत होते. तिथूनच ओरडले,

"हळू चाल वो! पाय आपटून राह्यली, पडशीन!"

माझ्या हातातलं सूप थांबलं.

"मी बसून आहो जी."

ते दारात आले. माझ्या दोन्ही पावलांकडे पाहत राहिले.

"मंग कोण चालून राह्यलं?"