मागाच्या खड्ड्यात पाय

शेठनं माझी वेणी धरली आणि मला मागाच्या खड्ड्यातून वर ओढलं. भर दुपारी. संगमनेरातली आमची सगळी गल्ली दारात जमली. हा शेठ घरोघर सूत द्यायचा आणि विणलेली लुगडी न्यायचा. माझा बाप त्याच्यापुढं हात जोडून उभा. बाप जेवायला उठला तेवढ्यात मी मागावर त्याच्या जागी खड्ड्यात पाय सोडून बसले हुते, वीतभर लुगडं विणलं हुतं. बरं विणलं हुतं.

शेठ म्हणाला, "बाईची जातच चंचल. उपजत असतं ते. हिला कांड्या भरायला बसवा."

चंचल म्हणे! कळायला लागल्यापासनं मी दिवस उगवल्यापासनं मावळेपर्यंत एका जागी बसून कांड्या भरत, बारक्या नळ्यांवर सूत गुंडाळत हुते. तवा कुणाला माझा चंचलपणा दिसला न्हाई.

बाईचा पाय लागला की माग रुसतो, असं आमच्यात म्हणत. मंग लिंबू कापलं, मागावर पाणी शिंपडलं, मला मागापुढं नाक घासायला लावलं. मानेवर हात माझ्या आयचा. शेठपेक्षा तिचा राग मला जास्त आला. अजून येतो.

मला जुळा भाऊ. एकाच पोटातनं, मागनं-पुढनं आलेलो. मागावर धागा तुटला की त्याला तो जोडता यायचा न्हाई. त्याला दारात रांगोळी काढायला आवडायची. लई नाजूक काढायचा. एकदा बापानं बघितलं आणि बायल्या म्हणून त्याला ओल्या दोरीनं फोडलं. मी मोठ्यानं हसले की आय तोंडावर चापट मारायची. मान खाली घाल. पाय जवळ घे. हळू बोल. आणि त्याला काय, तर रडतोस कशाला, पोरगी हाईस का?

कांड्या भरता भरता माझ्या डोस्क्यात एकच भुंगा. उपजतच हाय, तर एवढी मारझोड कशाला? वासराला उड्या मारायला कोण शिकवतं? आमा दोघांनाबी ठोकून ठोकून बसवलं, आणि वर म्हणायचं, देवानंच असं घडवलं!

पुढं लढाईच्या दिवसांत खोकून खोकून बापाची छाती गेली, त्याला मागावर बसवंना. भावाला बळंच मागावर बसवला. धागे तुटायचे, लुगडं बिघडायचं. शेठनं सांगितलं, पोरगा सुधारला नाही तर सूत दुसऱ्या घरी जाईल. म्हंजे आमची चूल बंद.

सकाळी मी भावाला म्हटलं, ऊठ. तो उठला. दार सताड उघडं ठेवून मी खड्ड्यात पाय सोडले.

शेठ आला तवा मी विणतच हुते.

"ऊठ गं."

"न्हाई उठत. आधी लुगडं बघा."

त्यानं लुगड्याकडं बघितलंबी न्हाई. "बाईला उपजत लाज असते. तुला नाही?"

"उपजत नव्हती, शेठ. मारून शिकवली हुती. आजपासनं सोडली."

त्यानं आमाला सूत द्यायचं बंद केलं. आमी अर्धपोटी राहिलो. मंग भाऊ नगरला जाऊन मिळंल तिथनं सूत आणायला लागला, लुगडी बाजारात तोच विकायचा. माझं ठरलेलं लग्न मोडलं. आयनं बोलणं टाकलं. गल्लीतल्या बाया पाण्याला जाताना माझ्याकडं बघून पदर तोंडावर घ्यायच्या. घेऊ देत, म्हटलं. माझा पाय मागाखालच्या पावडीवर, हात आडवा धागा नेणाऱ्या धोट्यावर. माग काय रुसला न्हाई.

काल मी मागाशेजारी दुसऱ्या मागाचा खड्डा खणायला घेतला. गुडघ्याएवढा झालाय. शेजारची पोर बसणार हाय. तिची आय म्हणाली, तिचा स्वभावच न्हाई गं मागाचा. म्हटलं, आधी बसू दे. स्वभावाचं मंग तीच सांगंल.

शेठची माणसं खड्डा बुजवायला येणार, असं गल्लीत बोलत्यात. येऊ देत. कुदळ माझ्याच घरात हाय. बुजवतील तितक्यांदा खणीन.