कुंदाने काहीच राखलं नव्हतं

सोनाली, ये गो, सरक अशी जवळ. हा कागद हातात धरलास म्हणजे माझ्या ओट्यावर येऊन बसलीस असंच मी समजते. दिवाळीत आलात तेव्हा पाणीसुद्धा उभ्याउभ्याच प्यायलात. "काकू, घाई आहे," म्हणालीस आणि गाडीत बसलीस. गाडी वळली तशी मला तिची पाठ दिसली. सायलेन्सरच्या टोकाची ती चकचकीत नळी तारेच्या घासणीने घासलीस ना? खोटं बोलू नकोस, ओरखडे मला इथून दिसले. आणि म्हणे कुंदाची सून! तू घरात यायच्या आधीच ती गेली, म्हणून तुला माफ. पण तिच्याबद्दल इथे धसईत एक खोटी गोष्ट अजून बोलली जाते, आणि ती माझ्याच तोंडून निघालेली आहे. तेव्हा तुझी सासू कोण होती ते मीच सांगायला हवं.

कुंदा माझी शेजारीण. दोन घरांच्या मध्ये एक शेवगा, बस. तिच्या दारात जीप, माझ्या दारात जीप. दोन्ही गाड्या धसई-मुरबाड फेऱ्या मारायच्या आणि लग्नसराईत वऱ्हाडाला जायच्या. आमचे हे आणि तुझे सासरे एकाच दिवशी कल्याणला जाऊन सायलेन्सरच्या शेपटाला लावायच्या त्या नळ्या घेऊन आले. एकाच दुकानातल्या, एकाच खोक्यातल्या. सहा महिन्यांत आमची झाली चुलीपुढची फुंकणी आणि तिची राहिली आरसा.

एकदा वैशाखरे गावचे एक आजोबा नातीच्या लग्नाला गाडी ठरवायला आले. दोन्ही जीप शेजारी शेजारी उभ्या. आजोबा सगळीकडून फिरले, कुंदाच्या जीपमागे वाकले, नळीत बघून डोक्यावरची टोपी सरळ केली आणि म्हणाले, "हीच." संध्याकाळी जेवताना आमचे हे म्हणतात कसे, "तिच्या नळीत टोपी दिसते. आपल्या नळीत टोपीचा रंग तरी दिसू दे!" मी भात असा आपटून वाढला की डाळ त्यांच्या सदऱ्यावर.

मी कुंदाला टोमणा मारला, "शेपटाला एवढं काय नटवायचं गो? बघतंय कोण?" फडकं हलवत ती म्हणाली, "अक्का, पाठवणीच्या टायमाला पोरीची आय गाडीची पाठच बघते. पार वळणापर्यंत बघते. तिला काळं धुराडं कशाला दाखवायचं?" मी घरात गेले आणि उगाच भांडी हलवली. दिसायला साधी, शिकलेली माझ्याएवढीच, आणि बोलणं मात्र असं, की आपल्याला का नाही सुचलं म्हणून पोटात दुखावं.

शेवटी नाक मुठीत धरून मी तिला विचारलं, कसं करतेस? लग्नाआधी ती मुरबाडच्या एका कारखान्यात नळाच्या तोट्यांना पॉलिश करायची, तिथला तिचा हात. तिने मला जवळ बसवून सगळं दाखवलं. गाडी येऊन तासभर झाला, नळी पार गार झाली, की मगच हात लावायचा. आधी साबणाचं पाणी, मग कोरडं करायचं. तोंडाच्या आतली काजळी बोटाला चिंधी गुंडाळून काढायची. मग जुन्या सुती लुगड्याच्या फडक्यावर चिमूटभर पॉलिश, हलक्या हाताने. शेवटी गाडीला लावायच्या मेणाचा पातळ हात, म्हणजे पाणी आणि चिखल धरत नाही. पावसाळ्यात दिवसाआड. "नळीवरचा मुलामा म्हंजे दुधावरची साय, अक्का. बोट लावायचं, चमचा नाय."

इतकंच? मला पटेना. कुठली सुगरण आपलं खरं माप सांगते? ही काहीतरी लपवतेय, असं मनाने घेतलं. मग दुपारी घरात कोणी नाही असं बघून मी बसले. चिंच, राख आणि वर विटेची भुकटी. देवाचं तांब्या-पितळ मी असंच लखलखीत करत आले होते, नळी ती काय? घासली, घासली, खांदा दुखेपर्यंत घासली. धुतली तर आरसा नाही, चरेच चरे. पावसाळ्यात त्या चऱ्यांतून तांबडा गंज फुटला.

हातपंपावर पाच जणी होतो. सुमनने विचारलं, "काय गो, तुमच्या नळीला देवी आल्या?" सगळ्या हसल्या. आणि मी म्हटलं, "कुंदानं सांगितलं तसंच केलं. हातचं राखून सांगितलं असंल तिनं."

कुंदा तिथेच होती, कमरेवर कळशी घेऊन. दुपारी आमच्या जीपमागे बसली, चऱ्यांवरून बोट फिरवलं आणि हळूच म्हणाली, "अक्का, ईट घासलीस ना?"

मी म्हटलं, "नाय."

तिने बोट पदराला पुसलं. मग म्हणाली, "तर मग माझंच काय सांगायचं राहिलं असंल." आणि गंज पुढे सरकू नये म्हणून त्या दिवसापासून दर शनिवारी येऊन आमच्याही नळीला मेण लावून जाऊ लागली. सोनाली, माफ करावं माणसाने, पण इतकं नीट कशाला करावं? मला ती त्या दिवशी नळीपेक्षा जास्त खुपली. हेही तिनेच जिंकलं.

माझा शब्द मात्र गावाला चिकटला. आधी बायका तिला लोणच्यापासून बाळंतिणीच्या खाण्यापर्यंत सगळं विचारायच्या. मग विचारेनाशा झाल्या. "कुंदा ना? अर्धंच सांगते." तिच्या तेराव्याला पंगतीत कोणीतरी बोललं, "हात चांगला होता बिचारीचा, पण हातचं राखायची." माझ्या हातात घास होता. मी तो तोंडात घातला.

खरं सांगू, मी अजून जळते तिच्यावर. मेलेल्या बाईवर! पण तिच्या नावावरचा हा गंज माझा आहे.

पंपावरच्या त्या पाच जणींतल्या कुंदा गेली, आणखी एक गेली. मी, सुमन आणि सुमनची जाऊ उरलो. त्या दोघींना बोलावते, चहा ठेवते आणि सांगते की वीट मी घासली होती. एकटीने दोनदा सुरुवात केली आणि दोन्ही वेळा भेंडीच्या भावावर येऊन थांबले. कुंदाची सून समोर बसली असली तर जीभ मागे घेता येणार नाही. तुमचं आसनगाव इथून काही लांब नाही. या रविवारीच ये गो. सुमनचा एक कान गेलाय, दुसरा जायच्या आत ये.