विडीवाल्या बायांचे हात

सत्तरच्या दशकात मी सोलापूरच्या एका दवाखान्यात सिस्टर होते. श्वास देणारं यंत्र आमच्याकडे नव्हतं. रबराची एक पिशवी होती. ती हातानं दाबली की हवा आत जायची, एवढंच.

भवानी पेठेतल्या सहा वर्षांच्या पोरीच्या छातीवरून सुताच्या गठ्ठ्यांनी भरलेल्या गाडीचं चाक गेलं. बरगड्या मोडल्या. श्वास घेताना छाती फुगायच्या ऐवजी आत जायची. डॉक्टरांनी गळ्याला छेद देऊन नळी बसवली, पिशवी जोडली आणि म्हणाले, "बरगड्या जुळेपर्यंत ही थांबता कामा नये." म्हणजे दिवसचे दिवस. वॉर्डात सिस्टर आम्ही दोघी!

डॉक्टरांनी पिशवी दाबायला नात्यातले दणकट पुरुष बोलावले. पहिला आला बाप, गिरणीतला हमाल. त्यानं जीव लावून पिशवी अशी आवळली की पोरीचे डोळे फिरले. चुलता आला, तोही तसाच. माझं डोकं सणकलं. "कुस्ती खेळायला आलात का?"

पोरीची आई विड्या वळायची. ती पुढं आली. "सिस्टरबाई, मी बघू का? पान बी जादा दाबलं की फाटतंय की."

डॉक्टर नको म्हणाले, आईचा हात थरथरेल म्हणून. मी ऐकलं नाही, पिशवी तिच्याकडे दिली. तिची बोटं बेतानं दाबत होती, बेतानं सोडत होती. हळूहळू पोरीच्या ओठांवर रंग आला. डॉक्टरांनी तिच्यासाठी स्टूल पुढं सरकवलं.

दुसऱ्या दिवशी तिच्या चार मैत्रिणी आल्या, त्याही विडीवाल्याच. पाळ्या लागल्या. एकीचा हात सवयीनं भराभर चालायला लागला तशी मी खेकसले, "बाई, इथं रोजच्या हजार विड्या पुऱ्या करायच्या नाहीत!"

डॉक्टर रोज थोडा वेळ पिशवी काढून बघायचे. पोर लगेच दमायची. बाराव्या दिवशी सकाळी काढली, तेव्हा मात्र छाती आपली आपण वर आली, खाली गेली, पुन्हा वर आली. आई पिशवी मांडीवर घेऊन तयारच बसली होती. दुपार झाली तरी ती पिशवी लागली नाही. डॉक्टर आले, पोरीची छाती तपासली. मग आईच्या मांडीवरची पिशवी उचलून त्यांनी कपाटात ठेवली.

आणि आवाज केला म्हणून साऱ्या वॉर्डाला झापणारी मी, त्या दुपारी आनंदानं सगळ्यांत मोठ्यानं ओरडले.